ओटीपी दिला म्हणून सगळेच नुकसान ग्राहकाचे होत नाही

खानापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या क्रेडिट कार्डाची मर्यादा दीड लाख, कार्ड पगाराच्या खात्याला जोडलेले, खात्याची शाखा बेळगावची. ३० ऑक्टोबर २०२५, गुरुवारी एका परदेशी संकेतस्थळावर ₹१२,७०० चा व्यवहार झाला. ओटीपी आला नाही, फक्त पैसे गेल्याचा एसएमएस आला. सुगीच्या धांदलीत तो कोणी वाचला नाही. मंगळवारी, ४ नोव्हेंबरला दुपारी 'बँकेतून बोलतोय' असा फोन आला. रिवॉर्ड पॉइंट आज संपणार म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल उघडायला लावली, ओटीपी विचारून घेतला आणि ₹३८,४०० गेले. बाईंनी १२ वाजून ५० मिनिटांनी हेल्पलाइनला फोन करून दोन्ही व्यवहार सांगितले, तक्रार क्रमांक घेतला. तरी सव्वादोनला आणखी ₹२१,००० गेले. बँकेचे उत्तर दोन ओळींचे आहे: 'व्यवहार ओटीपीने प्रमाणित, ग्राहकाचा निष्काळजीपणा, दावा नामंजूर.' बिल आले आहे ₹७८,९५० चे आणि त्यातली स्वतःची खरेदी फक्त ₹६,८५०. हे नुकसान कोणाचे, आणि बिल भरायचे की नाही?

ताई, आधी उत्तर देतो, कारणे नंतर सांगतो. ₹७२,१०० पैकी ₹३३,७०० बँकेने सोसायचे आहेत आणि ते तुम्हाला मिळायला हवेत. उरलेल्या ₹३८,४०० मध्ये नियम तुमच्या विरुद्ध आहे. तिथेही करण्यासारखे आहे, पण खोटी आशा दाखवणार नाही. बिलातले ₹६,८५० देय तारखेच्या आत भरा. बाकीचे भरू नका आणि का भरत नाही ते लेखी कळवा.

माझी बरीच वर्षे बँकेत कार्डांच्या तक्रारी पाहण्यात गेली. आता बेळगावात लोकांना असे अर्ज लिहून देतो. त्यात एक चूक सतत दिसते, ती बँकही करते आणि ग्राहकही. दोघेही 'माझ्या कार्डावर फ्रॉड झाला' असे एक गाठोडे बांधतात आणि मग त्या गाठोड्याला एकच निकाल लागतो. रिझर्व्ह बँकेचा नियम मात्र एकेका व्यवहाराकडे पाहतो. तो व्यवहार कोणाच्या चुकीने झाला, आणि तो तुम्ही कळवण्याच्या आधीचा की नंतरचा, हे दोन प्रश्न प्रत्येक रकमेला वेगळे विचारायचे असतात. तुमच्याकडे तीन व्यवहार आहेत आणि तिघांची उत्तरे तीन आहेत.

तुमच्या व्यवहारांच्या वेळी लागू असलेला हा नियम ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातला आहे. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, हे त्यात ठरवले आहे. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आले. मांडणी सरळ आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, त्याने कळवले असो वा नसो. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, व्यवस्थेत तिसरीकडेच कुठे तरी फट होती, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवल्यास ठरावीक मर्यादेपर्यंत ग्राहकाची. पाच लाखांपर्यंतच्या क्रेडिट कार्डाला ती मर्यादा प्रत्येक व्यवहारामागे ₹१०,००० किंवा व्यवहाराची रक्कम, यांत जे कमी असेल ते. पाच लाखांवरच्या कार्डाला ₹२५,०००. सात दिवस उलटले तर बँकेचे स्वतःचे धोरण लागू होते. आणि ओटीपी, पिन देऊन ग्राहकाने स्वतः चूक केली असेल, तर कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे सगळे बँकेचे. ग्राहक चुकला हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. हे शेवटचे वाक्य तुमच्या अर्जात शब्दशः हवे.

आता सर्वांत सोपा व्यवहार घेऊ, सव्वादोनचा. १२:५० ला तुम्ही कळवलेत. त्या क्षणी कार्ड बंद करणे हे बँकेचे काम होते. ते झाले नाही म्हणून ₹२१,००० गेले. दुपारी तुम्ही ओटीपी दिला होता की नव्हता, याचा या रकमेशी संबंध नाही. तुमची चूक १२:५० ला संपली. बँक म्हणेल, फोन आला पण ग्राहकाने कार्ड बंद करायला सांगितले नाही. म्हणून आजच लेखी मागणी करा की त्या कॉलचे ध्वनिमुद्रण जपून ठेवावे आणि तक्रार निवारणात विचारात घ्यावे. तुमच्या फोनमधल्या कॉल यादीचा स्क्रीनशॉट काढा. त्यात वेळ आणि कॉल किती मिनिटे चालला ते दिसते. तक्रार क्रमांकाचा एसएमएस पुसू नका. ही दोन कागदे ₹२१,००० ची आहेत असे समजून जपा.

परदेशी संकेतस्थळाचा व्यवहार जास्त रंजक आहे, आणि आपल्या भागात मुद्दाम समजून घेण्यासारखा. भारतातल्या ऑनलाइन व्यवहाराला ओटीपीसारखा दुसरा टप्पा लागतो. परदेशातली बरीच दुकाने तो मागत नाहीत, कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे पुरतात. म्हणजे ३० तारखेला 'ओटीपीने प्रमाणित' असे काही घडलेच नाही. बँकेचे दोन ओळींचे उत्तर इथे सरळ खोटे ठरते. बँकेला विचारा: या व्यवहाराला कोणता दुसरा टप्पा वापरला, त्याची नोंद द्या. नोंद नसेलच. फोनवरचा भामटा पाच दिवसांनी आला, त्यामुळे त्याला दिलेल्या ओटीपीचा हवाला देऊन आधीचा व्यवहार तुमच्या गळ्यात मारता येत नाही.

उरला दिवसांचा प्रश्न. गुरुवारी एसएमएस, मंगळवारी तक्रार. बँकेचा कारकून बोटे मोजून पाच दिवस म्हणेल. पण मोजायचे ते कामकाजाचे दिवस, तुमच्या मूळ शाखेच्या वेळापत्रकाप्रमाणे, आणि संदेश मिळाल्याचा दिवस सोडून. गुरुवार सुटला. शुक्रवार, ३१ ऑक्टोबर हा पहिला. शनिवारी १ नोव्हेंबर, कन्नड राज्योत्सव, कर्नाटकात बँकांना सुट्टी. मग रविवार. सोमवार दुसरा आणि मंगळवार तिसरा. तुम्ही तिसऱ्या दिवशी कळवलेत, म्हणून जबाबदारी शून्य.

हेच खाते कोल्हापूरच्या शाखेत असते तर? तो महिन्याचा पहिला शनिवार, महाराष्ट्रात बँका चालू. मंगळवार चौथा दिवस झाला असता आणि ₹१२,७०० पैकी ₹१०,००० तुमच्या अंगावर आले असते. निपाणी, चंदगड, गडहिंग्लज, बेळगाव या पट्ट्यात राहतात एका राज्यात आणि खाते दुसऱ्या राज्यात अशी कितीतरी घरे आहेत. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी महाराष्ट्रातल्या बँकांना असते, बेळगावच्या नाही. सुट्टी राहत्या गावाची नव्हे, शाखेच्या गावाची धरायची. शाखाच नसलेल्या कार्ड कंपनीचे कार्ड असेल तर ती कंपनी दिवस कसे मोजते ते तिच्या धोरणात पाहा, नसेल तर लेखी विचारा.

आणखी एक. घड्याळ सुरू होते ते संदेश मिळाल्यापासून. तुमच्या बाबतीत एसएमएस गुरुवारीच आला, तुम्ही म्हणता तसे. पण जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला रेंजअभावी संदेश दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येऊन पडत असतील, तर त्या लोकांनी बँकेकडून एसएमएस पोहोचल्याची नोंद मागावी. पाठवल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ वेगळी असू शकते.

परदेशी व्यवहारात बँक उगाच ताणून धरते, त्याचे मला नेहमी वाईट वाटते, कारण बहुतेक वेळा पैसे तिच्या खिशातूनही जात नाहीत. व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांच्या नियमांत चार्जबॅक नावाची सोय आहे. दुसऱ्या टप्प्याशिवाय व्यवहार स्वीकारणाऱ्या व्यापाऱ्याकडून ती रक्कम परत ओढता येते. जोखीम त्याने पत्करली, नुकसान त्याचे. मात्र चार्जबॅकला मुदत असते आणि ती बँकेनेच टाकावी लागते. तुमचा अर्ज टेबलावर पडून मुदत गेली तर ती बँकेची चूक, तुमची नव्हे. म्हणून अर्जात 'या व्यवहारावर चार्जबॅक कोणत्या तारखेला टाकला ते कळवावे' असे वाक्य घाला. खडेबाजारातल्या किंवा शहापूरच्या साडीवाल्यांनीही हे लक्षात ठेवावे. परगावच्या गिऱ्हाइकाकडून ओटीपीशिवाय कार्डाचे पैसे घेतले आणि कार्ड चोरीचे निघाले, तर साडीही जाते आणि पैसेही. ओटीपी लागलेल्या व्यवहारात व्यापारी बराचसा सुरक्षित असतो. तिथे वाद कार्ड देणारी बँक आणि ग्राहक यांच्यात उरतो.

म्हणूनच ₹३८,४०० चे अवघड आहे. ओटीपी लागला, त्यामुळे व्यापाऱ्याकडून ओढता येत नाही. ओटीपी तुम्ही दिला, त्यामुळे नियमाचा हात बँकेच्या बाजूने. इथे काही जण सल्ला देतात की 'दिलाच नाही' म्हणा. तसे करू नका. पहिल्या फोनवर तुम्ही खरे सांगितले आहे, ते मुद्रित आहे, आणि एका ठिकाणी खोटे सापडले की उरलेल्या ₹३३,७०० चा दावाही डळमळतो.

खरे सांगूनही लढता येते. त्या दिवशीचा ओटीपीचा एसएमएस पुन्हा वाचा. त्यात रक्कम आणि दुकानाचे नाव स्पष्ट होते का? '₹३८,४०० अमुक ठिकाणी' असे लिहिले असेल तर तुमची बाजू कमजोर आहे. रक्कम नव्हती, किंवा मजकूर भलत्याच कामाचा होता, तर ग्राहकाला नीट सूचना न देण्यात बँकेची कमतरता आहे असे म्हणता येते. भामट्याला तुमच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि पॉइंट किती ते ठाऊक होते का, तेही लिहा. ही माहिती कुठून गळली, असा प्रश्न मग बँकेला विचारता येतो. मर्यादेच्या चौथाईहून मोठी रक्कम, तुमच्या नेहमीच्या खरेदीशी न जुळणारी, आणि पाच दिवसांपूर्वी परदेशी व्यवहार झालेला. हे पाहून बँकेच्या यंत्रणेने इशारा का दिला नाही, हाही प्रश्न रास्त आहे.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये आसाममधल्या अशाच प्रकरणात स्टेट बँकेचे अपील फेटाळले आणि ₹९४ हजारांच्या आसपासची रक्कम ग्राहकाला परत करण्याचा आदेश कायम ठेवला. त्याचा दाखला तुम्हाला कोणी ना कोणी देईल. तो वापरा, पण जपून. तिथे ऑनलाइन घेतलेला कपडा परत करताना ग्राहकाला फसव्याचा फोन आला होता आणि त्याच्याकडून अ‍ॅप उतरवून घेतले होते. आपण ओटीपी दिला नाही असे त्याचे म्हणणे होते, निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही, आणि त्याने चोवीस तासांत कळवले होते. तुमचे कळवणे त्याहून जलद आहे, पण ओटीपीचा मुद्दा वेगळा. त्याच वेळी न्यायालयाने ग्राहकांनी ओटीपी देऊ नये असेही बजावले आहे, ते बँकेचा वकील वाचून दाखवेल.

पैसे परत मिळण्याचा दुसरा रस्ता पोलिसांचा आहे. १९३० वर फोन केला का, ते तुम्ही लिहिले नाही. केला नसेल तर आज करा, उशीर झाला असला तरी. ही व्यवस्था ज्या खात्यात, वॉलेटमध्ये किंवा दुकानाकडे रक्कम गेली तिथे ती रोखून धरायला सांगते. कार्डाच्या पैशांतून गिफ्ट व्हाउचर घेतलेले असले आणि ते वापरले गेले नसले, तर रक्कम अडते. पहिल्या काही तासांत शक्यता चांगली असते, नंतर झपाट्याने घटते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करताना राज्य कर्नाटक आणि जिल्हा बेळगावी निवडा. पोच क्रमांक जपा.

तुम्हाला गावाजवळच्या ठाण्यातून 'शाखा बेळगावची, तिकडे जा' असे सांगून परत पाठवले हे चुकीचे झाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी फिर्याद नोंदवून घ्यावी लागते. बेळगावात शहरासाठी आणि जिल्ह्यासाठी सायबर, आर्थिक व अमली पदार्थ गुन्ह्यांची वेगळी ठाणी आहेत, त्यांना सगळे सीईएन म्हणतात. तुम्ही जिल्ह्याच्या ठाण्यात जा. फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाईल. वाचता येत नसेल तर सही करण्याआधी वाचून दाखवायला आणि समजावून सांगायला सांगा. लिहून घेतलेली फिर्याद वाचून दाखवणे त्याच कलमात आहे, तो काही उपकार नाही. प्रत विनामूल्य मिळते. त्यात तीन व्यवहार, तीन वेळा आणि १२:५० चा फोन आला आहे का ते आकड्यांवरून तपासा. आकडे चुकले तर बँक तीच प्रत तुमच्याविरुद्ध दाखवते. नोंदवायला नकार मिळालाच तर तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवायची तरतूद आहे.

आता बिल. वादातली रक्कम बँकेने तक्रारीपासून दहा कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती जमा दाखवायची असते. तुमच्या बाबतीत ती मुदत १८ नोव्हेंबरच्या आसपासच संपली. त्यावर व्याज लावता येत नाही. तेव्हा लागू असलेल्या २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत तर फ्रॉड म्हणून वादात असलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत कोणताही आकार लावू नये असे आहे. तरीही संगणक पुढच्या बिलात व्याज, दंड आणि जीएसटी टाकतोच. प्रत्येक वेळी तेवढ्यापुरता ईमेल करा. कंटाळू नका.

तुमच्या पगाराच्या खात्यातून बिल आपोआप कापले जाते का, ते आधी पाहा. तसे असेल तर देय तारखेला संपूर्ण ₹७८,९५० जातील आणि मग भांडण स्वतःचे पैसे परत मिळवण्याचे होईल. क्रेडिट कार्डाचा मोठा फायदा हाच की निकाल लागेपर्यंत पैसे बँकेचे अडकलेले असतात, तुमचे नव्हे. डेबिट कार्डात उलटे असते. ऑटो डेबिट थांबवा, ₹६,८५० स्वतः भरा आणि पावती ठेवा. वसुलीवाला फोनवर 'हप्ते करून देतो मॅडम, व्याज कमी पडेल' म्हणेल. हो म्हणू नका. हप्ते केले की ती रक्कम तुम्ही मान्य केली असा अर्थ काढला जातो. थकबाकी म्हणून सिबिलकडे नोंद गेली तर तिथेही तक्रार करता येते. तीस दिवसांत निपटारा झाला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ₹१०० भरपाई आहे.

बँकेला अर्ज एकच, पण परिच्छेद तीन, प्रत्येक व्यवहाराचा वेगळा. सुरुवात अशी करा: 'आपल्या उत्तरात तिन्ही व्यवहारांना एकच कारण दिले आहे. ३० ऑक्टोबरच्या व्यवहाराला ओटीपी नव्हता. ४ नोव्हेंबरचा ₹२१,००० चा व्यवहार मी कळवल्यानंतरचा आहे. प्रत्येक व्यवहारावर ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार स्वतंत्र निर्णय द्यावा. माझी जबाबदारी सिद्ध करण्याचा भार आपल्यावर आहे.' शाखेत पोच घ्या, बँकेच्या नोडल, म्हणजे तक्रारी पाहणाऱ्या, अधिकाऱ्याला ईमेल करा. शाखेसाठी इंग्रजीत लिहिलेले बरे, कारण निर्णय मुंबई-चेन्नईच्या कार्यालयात होतो आणि मराठी अर्ज भाषांतराच्या नावाखाली पडून राहतो.

बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मात्र मराठीत लिहिलेले चालते. तक्रारीला तीस दिवस झाले आणि उत्तर नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत विनामूल्य तक्रार करता येते. चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्रात टपालाने आलेल्या तक्रारी कोणत्याही भाषेत घेतल्या जातात. १४४४८ या क्रमांकावर मराठी आणि कन्नड दोन्हीत माहिती मिळते. तुमच्याकडे नामंजुरीचे पत्र आहेच, पण आधी वरचा तीन परिच्छेदांचा अर्ज देऊन पाहा. बँकेला विभागून उत्तर द्यावे लागले की निम्मी लढाई तिथेच होते. तक्रारीपासून नव्वद दिवसांत, म्हणजे २ फेब्रुवारी २०२६ पर्यंत, बँकेने निर्णय द्यायचा आहे. दिला नाही तर परिपत्रकाप्रमाणे भरपाई द्यावीच लागते. ती तारीख वहीत लिहून ठेवा.

लोकपालाकडेही समाधान झाले नाही तर बेळगावचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे दावा करता येतो, बँकेचे मुख्यालय कुठेही असो. ₹३८,४०० चा मुद्दा मी तिथेच नेईन. पुरावे मागवून साक्ष तपासण्याची सोय आयोगाकडे आहे, लोकपालाकडे ती फारशी नाही.

आणि तो मोबाइल. त्या फाइलने तुमचे एसएमएस वाचायची परवानगी घेतली असणार, म्हणून तर सव्वादोनचा ओटीपी न देताही गेला. आधी त्या अ‍ॅपचे नाव आणि परवानग्या यांचे स्क्रीनशॉट घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो संदेश जपा, तो पुरावा आहे. मग अ‍ॅप काढून टाका, महत्त्वाची माहिती वेगळी ठेवून फोन पूर्ण रीसेट करा, आणि तोवर त्या क्रमांकावरून बँकेचे काही करू नका. नवे कार्ड आल्यावर परदेशी व्यवहाराचे बटण बंद आहे का ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये पाहा. २०२० पासून हे बटण प्रत्येक कार्डाला देणे बंधनकारक आहे आणि नव्या कार्डात ते मुळात बंदच असायला हवे. तुमच्या जुन्या कार्डात ते कोणी आणि कधी चालू केले, हे बँकेला अर्जातच विचारून घ्या.